नाव एकच, पत्ते वेगळे

गावात दोन संजय पाटील असले की पोस्टमन आधी वाडी विचारतो. संगणकाच्या प्रोग्राममध्येही हीच अडचण येते, पण तिथे विचारायला कुणी थांबत नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना तयार केला. तेव्हा एका वेबपानावरच्या सगळ्या स्क्रिप्टसाठी नावांची वही, म्हणजे ‘नेमस्पेस’, एकच होती. दोघांनी ‘एकूण’ हेच नाव वापरले, तर नंतर आलेला आधीच्याचे मूल्य गुपचूप पुसून टाकी.

यावर भाषेचे अधिकृत उत्तर यायला २०१५ साल उजाडले. त्या वर्षीच्या प्रमाणकात मॉड्यूल आले. आता प्रत्येक फाइलची वही वेगळी, आणि त्यातले कोणते नाव बाहेर द्यायचे हे तीच फाइल ठरवते. प्रोग्राम चालू होण्याआधी इंजिन मागितलेले प्रत्येक नाव त्याच्या मूळ जागेशी जोडते. हीच ‘बाइंडिंग’. नाव समोरच्या फाइलने दिलेलेच नसेल, तर एकही ओळ चालण्याआधी चूक दाखवली जाते.

खरी गोम पुढे आहे. जोडणी नावाच्या जागेशी होते, की त्या क्षणीच्या मूल्याशी? समजा, रुग्णालयाच्या प्रोग्राममध्ये एका मॉड्यूलने औषधाची ‘कमाल मात्रा’ ५०० मिलिग्रॅम ठेवली आहे आणि दुसरे मॉड्यूल ती आयात करते. प्रोग्राम चालू असताना पहिल्याने ती ४०० केली. जावास्क्रिप्टमध्ये दुसऱ्याला लगेच ४०० दिसतात, कारण त्याच्या हाती मूळ जागेची खिडकी असते. तिच्यातून पाहता येते, आकडा बदलता येत नाही. पायथनमध्ये मात्र ‘फ्रॉम… इम्पोर्ट’ लिहून ते नाव घेतले, तर आयात करतानाचे ५०० दुसऱ्याच्या वहीत उतरतात आणि तिथेच राहतात. चूक कुठेच दिसत नाही, आकडा तेवढा शिळा. म्हणून जाणकार बदलती मूल्ये अशी सुटी उचलत नाहीत. अख्खे मॉड्यूल आयात करून दर वेळी त्यालाच विचारतात.

मॉड्यूलच्या भिंतीही सगळीकडे पोहोचत नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये याद्यांवर चालणाऱ्या अंगभूत आज्ञा आजही एका पानावरच्या सर्व फाइलींना सामायिक आहेत. यादीतल्या याद्या सपाट करणारी ‘फ्लॅटन’ ही आज्ञा भाषेत येऊ घातली होती. पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीने ते नाव आधीच घेतले होते. २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत एक संकेतस्थळ बिघडले. ‘स्मूश’ असे नाव गमतीने सुचवून झाले. शेवटी जुनी पाने मोडू नयेत म्हणून भाषेनेच माघार घेतली, आणि आज्ञेचे नाव झाले ‘फ्लॅट’.