टायरची उंची आणि प्रवासाचे सुख

मोटारीचे वजन हजार किलोच्या घरात असते. परंतु ती जमिनीला टेकते फक्त चार जागी, आणि त्यांतील प्रत्येक जागा साधारणतः तळहाताएवढी असते. वेग घेणे, वळणे, थांबणे या सर्व क्रिया एवढ्याशा जागेच्या आधाराने घडतात. म्हणून टायर बदलताना शोभेपेक्षा मापाचा विचार आधी करावा लागतो.

हे माप टायरवरच लिहिलेले असते. उदाहरणार्थ, '१८५/६५ आर १५' यात १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली आहे. रिमपासून जमिनीपर्यंतच्या रबरी भागाला टायरची भिंत म्हणता येईल. तिची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर आहे. 'आर' हे अक्षर रेडियल रचना दाखवते, तर १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय.

१८८८ साली जॉन बॉइड डनलप यांनी बेलफास्ट येथे आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेले टायर तयार केले. खडबडीत वाटेवरचे हादरे कमी व्हावेत, हा त्यामागील हेतू होता. आजही टायरमधील हवा आणि लवचीक भिंत मिळून उशीचे काम करतात. भिंत उंच असेल तर ती खड्ड्यात दबते व धक्का सोसते. मात्र वळणावर हीच भिंत बाजूला झुकते आणि मोटार किंचित उशिरा वळते. बुटकी भिंत कमी झुकते. त्यामुळे स्टिअरिंग फिरवताच मोटार वळते. पण तिच्यातून हादरे अधिक पोहोचतात आणि खोल खड्ड्यात रिम वाकण्याची किंवा टायर चिरडला जाण्याची भीती वाढते.

काही जण हौसेने १६ इंची रिम बसवतात. त्यासाठी '१९५/५५ आर १६' हा टायर घेतला, तर चाकाचा एकूण व्यास पूर्वीइतकाच, सुमारे ६२१ मिलिमीटर राहतो. पण भिंत सुमारे १३ मिलिमीटरने कमी होते. वाढलेल्या रिमची किंमत ही उशी चुकवते. एकूण व्यासच वाढला, तर चाक एका फेऱ्यात अधिक अंतर कापते. मग वेगमापक पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि चालकाची फसगत होऊ शकते.

मोटारीचा कारखाना वळणावरील ताबा आणि प्रवासातील सुख यांचा मेळ घालून टायरचे माप ठरवतो. ते माप आणि हवेचा योग्य दाब बहुधा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला असतो. हवा कमी असेल, तर योग्य मापाच्या टायरची भिंतही पुन्हापुन्हा वाकून तापते आणि भर वेगात टायर फुटू शकतो. प्रवासाला निघण्यापूर्वी ती पट्टी वाचून हवा तपासण्यास काही मिनिटे पुरतात. मोटारीत बसलेल्यांचा जीव मात्र त्या चार तळहातांएवढ्या जागेवरच विसंबून असतो.