रिकामी जागा भरणारा मेंदू

‘मेमेंटो’ आणि ‘गजनी’ हे दोन चित्रपट एकाच आजारावर उभे आहेत. डोक्याला मार बसल्यावर नायकाच्या मनात नवी आठवण टिकत नाही. मग अंगावर गोंदवून घेत, फोटोंवर टिपणं लिहीत तो आपल्या माणसाच्या खुन्याचा माग काढत राहतो. तरी 2008 सालचा हिंदी ‘गजनी’ सूडकथा म्हणून लक्षात राहतो आणि क्रिस्टोफर नोलनचा 2000 सालचा ‘मेमेंटो’ भयकथेसारखा छळत राहतो. विसरणं तर दोन्हीकडे सारखंच आहे. पण ‘गजनी’त नोंदींवर घाला घालतो तो शत्रू, आणि ‘मेमेंटो’त शेवटी कळतं की दिशाभूल करणारी नोंद नायकानेच स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. स्मृती गमावलेल्या माणसांच्या कथांमधली खरी भीती कोऱ्या पाटीची नसून स्वतःच्याच अक्षरात लिहिलेल्या खोट्या मजकुराची आहे, असं मला वाटतं. आणि ही भीती लेखकांच्या कल्पनेतून आलेली नाही.

रशियन डॉक्टर सर्गेई कोर्साकोव्ह यांनी 1880च्या दशकात, स्मृती गमावून तिच्या जागी खोट्या आठवणी सांगणाऱ्या रुग्णांचं वर्णन करून ठेवलं. दीर्घकाळ दारू आणि कुपोषण यांमुळे शरीरात ब-1 जीवनसत्त्वाची कमतरता झाली की बहुतेकदा हा आजार होतो, हे पुढे कळलं. कित्येक दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस काल बाहेर फिरून आल्याचं शांतपणे सांगतो. त्याला कुणाला फसवायचं नसतं. याला कन्फॅब्युलेशन म्हणतात. पण स्मृती गेली की प्रत्येक जण अशा गोष्टी रचतो, असंही नाही. 1953 साली अपस्माराच्या शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. पुढची पन्नासहून अधिक वर्षं त्याला नव्या घटना जवळजवळ लक्षात ठेवता आल्या नाहीत, तरी आठवत नसेल तर तो सहसा तसं कबूल करायचा. म्हणजे विसरणं आणि रचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनात उमटलेलं चित्र आत्ताच्या परिस्थितीशी जुळतं का, हे तपासण्याचं काम बरंचसं कपाळामागच्या भागाकडे असतं. ही तपासणी ढिली पडली की कुठलंही चित्र ‘काल घडलेलं’ ठरतं.

जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी 1911 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर एखाद्या भयकथेतला वाटावा. त्यांची एक रुग्ण त्यांना रोज नव्याने भेटत असे. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. टोचल्याचं ती विसरली. पुढे त्यांनी हात पुढे करताच मात्र तिने आपला हात मागे घेतला. का, असं खोदून विचारल्यावर, हातात कधी टाचणी लपवलेली असू शकते, असं काहीसं ती म्हणाली. पण ही आपलीच आठवण आहे, हे तिला उमगलं नाही. हात शहाणा झाला होता, कारण मात्र मनाला आयतंच सुचलं होतं.

यावर कुणी म्हणेल, ही बिघडलेल्या मेंदूंची उदाहरणं झाली. धडधाकट माणसाचं काय? स्वीडनमधल्या पेटर योहान्सन आणि सहकाऱ्यांनी 2005 साली लोकांना चेहऱ्यांचे दोन-दोन फोटो दाखवून अधिक आवडलेला निवडायला सांगितलं आणि काही वेळा हातचलाखीने नाकारलेलाच फोटो त्यांच्या हाती दिला. अशा अदलाबदलींपैकी बहुतेक कुणाच्या लक्षातच आल्या नाहीत. उलट लोकांनी निवडीची कारणंही दिली. कुणी कानातल्यांचं कौतुक केलं, आणि प्रत्यक्षात निवडलेल्या चेहऱ्याला कानातलीच नव्हती! अनोळखी फोटो ही क्षुल्लक बाब, स्वतःचं आयुष्य माणूस असं विसरणार नाही, हा आक्षेप रास्त आहे, आणि तो मी बऱ्याच अंशी मान्य करते. आपली ढोबळ आठवण सहसा बरोबर असते, नाहीतर रोजचे व्यवहारच चालले नसते. पण प्रयोगातली खरी बाब अदलाबदल नाहीच. न केलेल्या निवडीचं कारण जिभेवर आलं तेव्हा आत कुठेही धोक्याची घंटा वाजली नाही, ही आहे. खरी आठवण आणि रचलेली आठवण आतून सारखीच वाटते.

म्हणूनच ‘मेमेंटो’च्या शेवटाबद्दल माझी एक तक्रार आहे. तिथे नायक जाणूनबुजून स्वतःला फसवायचं ठरवतो. आजारी मेंदूला असा निर्णय घ्यावाच लागत नाही, आणि भयकथा लिहिणाऱ्यांनी रुग्णाला कारस्थानी ठरवलं की घरोघरच्या एका जुन्या गैरसमजाला बळ मिळतं. अंथरुणावरचा माणूस फिरून आल्याचं सांगतो तेव्हा घरचे ‘खोटं का बोलता?’ म्हणून दरडावतात. त्याला मात्र हवा कशी होती आणि वाटेत कोण भेटलं, हेही सांगायचं असतं.