गुलाबतेलाचं मशीन घेताय? आधी हा हिशोब करा

"जालन्यात गुलाबतेलाचा प्लांट टाकू का?" असं बरेच जण विचारतात. कर्ज काढण्याआधी एक आकडा लक्षात ठेवा: १ किलो तेलाला साधारण ३ ते ४ टन फुलं लागतात. म्हणजे १०० किलो फुलांतून हातात येतं जेमतेम २५ ते ३३ ग्रॅम!

बल्गेरियाचं कझानलक खोरं याच तेलासाठी जगप्रसिद्ध आहे. तिथे दमास्क जातीचा गुलाब, आजूबाजूला डोंगर, हवा थंड-दमट. हंगाम मे-जूनमधले काही आठवडेच. तोडणी पहाटे, कारण ऊन चढलं की तेल उडून जातं. फुलं लगेच भट्टीत.

आपल्याकडे मावळात पॉलिहाऊसचा गुलाब भरपूर होतो, पण तो बुकेचा. दिसायला देखणा, तेलाला कामाचा नाही. आणि जालन्याचा उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे.

मग करायचं काय? सुवासिक देशी गुलाब घ्या आणि गुलकंदापासून सुरुवात करा. त्यात पाकळी अख्खी वापरली जाते, मोठं मशीन लागत नाही. फक्त फवारणी नसलेली फुलं घ्या आणि विक्रीआधी एफएसएसएआय नोंदणी करा. आधी ५ किलो बनवा, ओळखीच्या दुकानांत ठेवा. पुन्हा मागणी आली, तरच पुढचा पैसा घाला.