उन्हं चढायच्या आत

चैत्र लागला की आपल्या चामोर्शीकडची मंडळी पहाटेच टोपल्या घेऊन मोह वेचायला रानात जातात आणि उन्हं चढायच्या आत परततात. त्याच दिवसांत तिकडे हिमालयात गिर्यारोहक तर मध्यरात्रीच उठून चालू लागतात. त्यांनाही उन्हाचीच घाई असते. पण त्यांची भीती निराळी. डोक्यावरचा बर्फ सुटण्याची!

तुम्ही म्हणाल, गारा सोडल्या तर आपण बर्फ पाहिलाय कुठे? पण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये थेट एव्हरेस्ट गाठले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात वाढलेली ही मुले आधी दार्जिलिंग आणि लडाखला जाऊन सराव करून आली. बर्फावर चालायचे तर बर्फाचा स्वभाव ठाऊक हवा ना!

हिवाळाभर डोंगरावर बर्फाचे थर साचत जातात. एक घट्ट, एक भुसभुशीत, पुन्हा एक घट्ट. वसंतात ऊन तापले की वरचा बर्फ वितळतो, पाणी आत झिरपते आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. मग अख्खा उतारच घसरतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. रात्री आभाळ मोकळे असले तर तेच पाणी गोठते आणि उतार पुन्हा घट्ट होतो. म्हणून चालायचे ते पहाटे.

आता कंपासपेटीतले दोन गुण्ये काढा. एकात ३० अंशांचा कोन आहे, दुसऱ्यात ४५ चा. बहुतेक हिमस्खलने या दोन कोनांच्या मधल्या उतारांवर होतात. त्याहून सपाट उतारावर बर्फ सहसा टिकून राहतो, फार उभ्या कड्यावर तो साचतच नाही.

धोक्याच्या खुणाही असतात. पाय घोट्याच्या वर रुतू लागला, बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, पायाखाली 'धप्प' आवाज होऊन चिरा पळाल्या, तर मागे फिरायचे. नवा बर्फ भरपूर पडला असेल तर एक-दोन दिवस उतारावर जायचेच नाही. ओरडल्याने बर्फ कोसळतो हे मात्र सिनेमातले! माणसाच्या आवाजात तेवढा जोर नसतो. त्याच्या वजनात असतो.

पहाट म्हणजे हमी मात्र नव्हे. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या वाटेवर सकाळी सातच्या आतच बर्फाचा प्रचंड कडा तुटला आणि १६ नेपाळी कामगार गेले. आपल्या गावासारख्याच नावाच्या चमोली जिल्ह्यात, उत्तराखंडातल्या माणा गावाजवळ, २८ फेब्रुवारी २०२५ ला रस्त्याच्या कामावरचे ५४ कामगार बर्फाच्या तडाख्यात सापडले. त्यांतले ४६ जण वाचले. बरेच जण लोखंडी कंटेनरमध्ये राहत होते, त्यामुळे आत श्वासापुरती हवा राहिली.

कारण खरा शत्रू गुदमरणे हा असतो. घसरून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, बोटही हलवता येत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर जगण्याची आशा मोठी, अर्ध्या तासानंतर फारच थोडी. एवढ्या वेळात दूरची मदत कशी पोहोचणार? म्हणून प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यातच : गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारे छोटे रेडिओयंत्र, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडे. बर्फात सापडलेल्याने थांबण्याच्या आत दोन्ही हात तोंडासमोर आणायचे, म्हणजे नाकापुढे थोडी पोकळी राहते. आपल्या देशात हिमस्खलनाचे इशारे चंदीगडची संरक्षण खात्याची एक संस्था देते. डोंगरात जायच्या आधी ते पाहतात.

घरी एक प्रयोग करता येईल, आईला विचारून. पाटावर पिठाचा थर दाबून बसवा, त्यावर साखर पसरा, पुन्हा पीठ पसरून हलके दाबा. मग पाट एका बाजूने हळूहळू उचला आणि वरचा थर सुटला की कोनमापकाने कोन मोजा. एकदा साखरेशिवायही करून बघा. दोन्ही कोन वहीत लिहून ठेवा. पीठ चाळून घेतले की पोळ्यांना चालते.