तुरुंगातल्या एका भेटीने बदललं आयुष्य. वंशभेदाविरुद्ध चाळीस वर्षांची लढाई

अमेरिकेत गरीब, विशेषतः कृष्णवर्णीय कैद्यांना न्याय मिळावा म्हणून लढणारे वकील ब्रायन स्टीव्हन्सन सार्वजनिक धोरणाचेही विद्यार्थी. सरकारचे कायदे आणि योजना कशा ठरतात, याचा हा अभ्यास. ते स्वतःही कृष्णवर्णीय आहेत.

सुरुवात कशी झाली?
हार्वर्ड विद्यापीठात ते कायदाही शिकत होते. धोरणाच्या वर्गात भर खर्च-फायद्याच्या हिशोबावर. त्यात मन रमेना. 1983 मध्ये शिकाऊ म्हणून ते जॉर्जियातल्या तुरुंगात एका कैद्याला निरोप द्यायला गेले. वर्षभर तरी मृत्युदंड होणार नाही, एवढाच निरोप. कैदी आनंदून गेला. शिक्षेची तारीख लागेल या धास्तीने त्याने बायको-मुलांना भेटीला येऊच दिलं नव्हतं. 1989 मध्ये स्टीव्हन्सन यांनी अलाबामा राज्यात कैद्यांना मोफत वकील देणारी संस्था काढली.

गाजलेली केस कोणती?
वॉल्टर मॅकमिलियन हे लाकूडतोडीचं काम करणारे. 1986 मध्ये झालेल्या एका गोऱ्या तरुणीच्या खुनाचा आळ त्यांच्यावर आला. त्या वेळी ते घरीच होते, हे सांगणारे कितीतरी साक्षीदार होते. पण कृष्णवर्णीयांचं ऐकतो कोण? खटला दीड दिवसात आटोपला. निकाल देणाऱ्या 12 नागरिकांच्या ज्युरीत 11 गोरे. ज्युरीने जन्मठेप सुचवली, न्यायाधीशांनी मृत्युदंड दिला. स्टीव्हन्सन यांनी केस पुन्हा उकरली. मुख्य साक्षीदाराने खोटी साक्ष दिल्याचं कबूल केलं. 1993 मध्ये मॅकमिलियन सुटले, पण सहा वर्षं गेली ती गेलीच.

जुन्या अन्यायाची नोंद कशाला?
अमेरिकेत गुलामगिरी 1865 मध्ये संपली. ती संपवायला झटणाऱ्या अमेरिकी लोकांना महात्मा फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला. कायदा बदलला, पण मनं बदलली नाहीत. 1877 ते 1950 या काळात जमावाने ठार मारलेल्या 4,400 हून अधिक कृष्णवर्णीयांची नोंद स्टीव्हन्सन यांच्या संस्थेने केली. कोर्टातला आजचा भेदभाव याच इतिहासातून आला, असं त्यांचं म्हणणं.

2018 मध्ये मॉंटगोमेरी शहरात या मृतांचं स्मारक उभं राहिलं. तिथे 800 हून अधिक लोखंडी स्तंभ आहेत. ज्या काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, हत्या झाल्या तिच्या नावाचा एकेक. शिवाय हत्येच्या जागेवरची माती बरण्यांत भरून, मृताचं नाव लिहून ठेवली जाते. ही माती गोळा करायला मृतांचे नातलग आणि त्याच भागातले रहिवासी जातात.