जुन्या जीपचें इंजिन : बांधावें कीं बदलावें ?

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अशा कित्येक वाड्या आजही आहेत कीं, जेथील शेवटचा कोस-दीड कोसाचा रस्ता पावसाळ्यांत साध्या मोटारीच्या आवांक्यांतला राहत नाहीं. तेथें चारही चाकांना जोर देणारी जुनी जीपच उपयोगीं पडते. दूध खालीं न्यावयाचें, खत वर आणावयाचें, अडलेली बाळंतीण तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचवावयाची, हीं सर्व कामें ती मुकाट्यानें करते. अशा गाडीचें इंजिन थकलें म्हणजे घरधन्यापुढें प्रश्न उभा राहतो : आहे तेंच इंजिन उघडून नव्यानें बांधावें, कीं तें काढून दुसरें बसवावें ? या प्रश्नाचा निकाल बहुधा गॅरेजच्या दारांत चहा पितां पितां लागतो, आणि तेथेंच पैसा बुडण्यास आरंभ होतो. हा निकाल मोजमापानेंच लागला पाहिजे, एवढें आज मला सांगावयाचें आहे. मीं वर्षानुवर्षें शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकविलें. मोटारींचा धंदा केला नाहीं. तेव्हां जें बोलेन तें घरधन्याच्या बाजूनें बोलेन.

उदाहरणासाठीं एकच गाडी डोळ्यांपुढें ठेवूं. अमेरिकेंतील विलीज कंपनीनें सीजे-३बी नांवाची जीप १९५३ सालीं बाजारांत आणली, आणि तिच्याच धर्तीच्या जीपा महिंद्र कंपनीनें आपल्याकडे अनेक दशकें बांधल्या. तिचें मूळचें पेट्रोल इंजिन म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील प्रसिद्ध जीपच्या इंजिनाचा धाकटा भाऊच होय. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास सवातीन इंचांहून किंचित् कमी, म्हणजे ३⅛ इंच, आणि पिस्टनची धांव ४⅜ इंच. एकूण घनफळ सुमारें २,२०० घन सेंटिमीटर. धांव लांब असल्यामुळें हें इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपासच आपला पुरता पीळ देतें, आणि चिखलांत किंवा चढावर नेमका हाच गुण कामास येतो. शिवाय याचे सिलिंडर ब्लॉकच्या ओतीव लोखंडांतच कोरलेले आहेत, हीही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढचा सारा विचार तिच्यावर उभा आहे.

प्रथम इंजिन खरोखरच थकलें आहे काय, हें पाहावें. गाडी तापते म्हणून इंजिनाला दोष देतात, आणि दोष असतो गाळानें भरलेल्या रेडिएटरचा. चढावर दम लागतो, तर कधीं केवळ कार्ब्युरेटर घाण झालेला असतो. धुराचा रंग बरेंच सांगतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक जळत आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी आंत शिरत असावें. यानंतर प्रत्येक सिलिंडरचा दाब घड्याळ लावून पाहावा. चारही आंकडे एकमेकांशीं साधारण एक दशांशाच्या फरकांत असले तर उत्तम. एखादा फार कमी भरला, तर त्या सिलिंडरांत चमचाभर ऑइल टाकून पुन्हां दाब घ्यावा. आतां आंकडा वर चढला, तर झीज रिंगांची किंवा सिलिंडरची. न चढला, तर दोष व्हॉल्व्हांचा असण्याचा संभव अधिक. व्हॉल्व्ह घासून बसविणें हें त्या मानानें लहान काम आहे, त्यासाठीं सबंध इंजिन बदलण्याची भाषा कोणी करूं नये. पेट्रोल इंजिनाची ही परीक्षा डिझेलवर मात्र करूं नये. तेथें दाब फार मोठे असतात व ऑइल टाकल्यानें घोटाळा होतो.

दोष सिलिंडरचाच निघाला, तर इंजिन उतरवून उघडावें लागतें, आणि खरें मोजमाप येथें सुरू होतें. सिलिंडर वरपासून खालपर्यंत सारखा झिजत नाहीं. वरची रिंग जेथें जाऊन परत फिरते तेथें उष्णता सर्वांत अधिक, ऑइल सर्वांत कमी, आणि जळत्या वायूचा दाब रिंगेला मागून भिंतीवर रेटीत असतो. म्हणून तेथें झीज सर्वांत जास्त, व खालीं जवळजवळ नाहींच. गोल असलेली नळी वरच्या अंगाला रुंद व थोडी लांबट होते. क्रँकची गत बैलगाडीच्या आंसासारखी असते. आंस सर्व बाजूंनीं सारखा झिजत नाहीं. ओझें ज्या बाजूवर पडतें ती बाजू अगोदर झिजते. तसाच क्रँकचा जो भाग प्रत्येक स्फोटाचा मार खातो, तो आधीं चपटा होतो.

ही झीज इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. कारखान्यांत त्याला ‘थाऊ’ म्हणतात. सिलिंडर कातून वीस, तीस किंवा चाळीस थाऊंनीं मोठा करतां येतो व त्या मापाचे पिस्टन मिळतात. चाळीस थाऊ म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. क्रँक घासला म्हणजे तो बारीक होतो, म्हणून त्याचीं बेअरिंगें दहा-वीस थाऊंनीं जाड घ्यावीं लागतात. मागच्या मालकांनीं हीं मापें किती खर्ची घातलीं आहेत, यावर आपल्या इंजिनाचें उरलेलें आयुष्य अवलंबून असतें. पिस्टनच्या माथ्यावर बहुधा माप कोरलेलें असतें, तें अवश्य वाचावें. शेवटचें माप संपलें असलें, तरी ब्लॉक कोरून त्यांत लायनर दाबून बसवितां येतात व सिलिंडर मूळ मापावर आणतां येतो.

खरा घात करतो तो ब्लॉकचा तडा. या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्यें बसतात, आणि व्हॉल्व्हची बैठक व सिलिंडर यांमधील अरुंद लोखंडाला अतितापानें तडा जाण्याची भीति असते. तो नुसत्या डोळ्यांस दिसेलच असें नाहीं. म्हणून ब्लॉक स्वच्छ धुऊन, रंगद्रवानें किंवा पाण्याच्या दाबानें तपासून घ्यावा, आणि हें सर्व कातकामाला पैसे देण्यापूर्वीं करावें. तडा निघाला, तर मात्र दुसऱ्या इंजिनाचा विचार रास्त ठरतो.

माझ्या धाकट्या बंधूंच्या जीपविषयीं एका मिस्त्रीनें न उघडतांच सांगितलें, “इंजिन संपलें, काका, दुसरें आणून देतों.” बंधूंना घाई होती, कारण भात कापणीला आलें होतें. तरी आम्ही इंजिन उतरवून लेथच्या कारखान्यांत नेलें. पिस्टन मूळ मापाचेच निघाले. म्हणजे तें इंजिन तोंवर एकदांही कातलें गेलें नव्हतें! ब्लॉक निर्दोष होता. वीस थाऊंत काम भागलें. त्या मिस्त्रीला मी लबाड म्हणत नाहीं; इंजिन बदलणें दोन दिवसांचें काम, बांधणें पंधरा दिवसांचें, आणि त्याला जागा अडवून ठेवावयाची नसते.

भंगार बाजारांतून आणलेलें इंजिन स्वस्त दिसतें, परंतु तेंही कोणाचें तरी थकलेलेंच इंजिन असतें. तें चालू करून दाखवितात तेव्हां त्यांत जाड ऑइल घातलें आहे काय, हें आपणांस कळत नाहीं. त्यालाही उघडून तींच मापें घ्यावयाचीं असतील, तर स्वस्ताई कोठें राहिली ? तुलना करावयाची तर दोन्ही बाजूंचा पुरता खर्च लेखी मांडून करावी. बांधणीच्या बाजूला पिस्टन, रिंगा, बेअरिंगें, कातकाम, ऑइल-पंप व गॅस्केटें. बदलण्याच्या बाजूला किंमत, वाहतूक, तपासणी आणि नोंदणीचा खर्च.

नोंदणीचें विसरूं नये. पेट्रोल काढून भलत्याच गाडीचें डिझेल इंजिन बसविण्याची हौस पुष्कळांना असते. तें जड असतें, पुढच्या पाट्या दबतात, गिअरबॉक्सवर निराळाच ताण येतो. कारखान्यांतूनच डिझेल बसवून आलेल्या जीपांची गोष्ट वेगळी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, मान्य अपवाद सोडल्यास, कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं हेंच स्पष्ट केलें. त्याच बनावटीचें व त्याच जातीचें इंजिन घेतलें, तरी पावती, इंजिनाचा नंबर आणि नोंदणी-अधिकाऱ्याची संमति या तीन गोष्टी आधीं पाहाव्या. नाहींतर अपघाताच्या वेळीं विम्याचा वाद उभा राहतो, आणि नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलीस दाराशीं येतात.

बांधलेलें इंजिन घरीं आल्यावर पहिले पांचशें मैल त्याला सांभाळावें लागतें, कारण नव्या रिंगा भिंतीशीं अजून जुळलेल्या नसतात. भरधांव नको, भरलेलें ओझें घेऊन घाट नको, आणि तासन्‌तास एकाच वेगानें चालविणेंही नको. पहिलें ऑइल लवकर काढावें व तें पांढऱ्या फडक्यांतून गाळून पाहावें. बारीक लोखंडी भुकटी दिसली तर काळजी नको, परंतु बेअरिंगाच्या धातूचे चकाकणारे कण दिसले, तर गाडी तशीच उभी करून कारखान्यास निरोप पाठवावा.