नाते की नाटे?

मॉरिशसमधल्या मराठी घराण्यांना कोकणातला मूळपुरुष शोधायचा झाला तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दफ्तराकडे वळावे लागते. 1834 पासून जवळजवळ साडेचार लाख हिंदी करारमजूर त्या बेटावर उतरले. मुंबईहून गेलेल्या जहाजांत कोकणी माणूस बराच होता. उतरणाऱ्याला क्रमांक मिळे, आणि नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव, जहाज असा तपशील नोंदींत सापडतो. एवढे हाती आले की गाव मिळालेच, असा समज होतो. माझ्या मते नावापेक्षा नोंदीचे वर्ष आणि त्या वर्षीचा कारभाराचा नकाशा जास्त बोलका असतो. रोमन लिपीत लिहिलेले 'नाते' घ्या. एक नाते महाडहून रायगडाकडे जाताना लागते. चिंतामणराव देशमुख 1896 साली तिथेच जन्मले. दुसरे नाटे राजापूर तालुक्यात, जैतापूरजवळ. रोमन अक्षरांत दोन्ही एकच. म्हणून जिल्ह्याचा रकाना पाहायचा. पण जिल्हेही जागेवर राहिलेले नाहीत. रायगडाभोवतीचा मुलूख कंपनी सरकारने आधी दक्षिण कोकणात घातला. 1830 साली बाणकोट खाडीच्या उत्तरेचे तालुके उत्तर कोकणाला, म्हणजे पुढच्या ठाण्याला, जोडले गेले. कुलाबा स्वतंत्र जिल्हा झाला तो 1869 साली. तेव्हा 1850 च्या सुमाराच्या नोंदीत 'रत्नागिरी' दिसले तर पारडे राजापूरच्या नाट्याकडे झुकते, 'ठाणे' दिसले तर महाडकडे. आजचा नकाशा समोर ठेवणारा मात्र ठाण्याची नोंद पाहून कल्याण-भिवंडीकडे धाव घेईल.

यावर कोणी म्हणेल, कागद कशाला, घरात पिढ्यान्‌पिढ्या 'आम्ही रायगडचे' असे सांगत आले आहेत. परंपरा टाकाऊ नसते, पण तिचेही वय पाहावे लागते. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव 1981 साली मिळाले, आणि शिवछत्रपतींच्या गडाशी नाते जोडायला कोणाला आवडणार नाही? त्याऐवजी घरात 'कुलाबा' हा शब्द टिकला असेल तर त्यावर माझा भरवसा अधिक बसेल. त्यात मिरवण्यासारखे काही नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कारकून कानावर पडेल ते लिहीत, मजूरही जुन्या सवयीने जिल्हा सांगत, मग रकान्यावर विसंबायचे कसे? एकट्या रकान्यावर विसंबू नयेच. गावाकडचे दफ्तरही इथे फारसे कामाला येत नाही, कारण कोकणात खोतीची पद्धत. जमिनीच्या कागदांत खोत आणि खातेदार दिसतात, भूमिहीन गडी सहसा दिसत नाही, आणि समुद्रापार जायला निघाला तो बहुधा तोच. तेव्हा त्याच जहाजावरच्या मागच्यापुढच्या क्रमांकांचे लोक तपासावेत, कारण माणसे पुष्कळदा टोळीने निघत. शेजारी बिरवाडी, वरंध अशी गावे आली तर महाडचे नाते, जैतापूर आले तर नाटे. मुंबईत ठिकठिकाणची माणसे एकत्र करूनच जहाज भरलेले दिसले, तर वंशावळीत गावाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह राहू द्यावे.